गुरू-शनींच्या वातावरणाचे हौशी निरीक्षण : फहाहील

गुरू व शनी यांच्या बिंबांवरील पट्टे, डाग आणि वादळे यांतील बदलांची हौशी निरीक्षकांनी ठेवायची नोंद. फहाहील हे कुवेत शहराच्या दक्षिणेस इराणच्या आखाताच्या किनाऱ्यावर वसले आहे (सु. २९° उ., ४८° पू.). मीना अल अहमदीचा तेलशुद्धीकरण कारखाना जवळच असून गावात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. इथल्या रात्रीच्या उजेडात आकाशगंगा हरवते, ग्रह मात्र हरवत नाहीत. त्यांचे बिंब तेजस्वी असल्याने अंधाऱ्या आकाशापेक्षा हवेच्या स्थिरतेला महत्त्व येते. गच्चीवरून गंभीर काम करता येईल अशा खगोलशास्त्राच्या शाखांपैकी ही एक.

१०० मिमी व्यासाच्या दुर्बिणीतून गुरूचे दोन मुख्य पट्टे आणि चांगल्या रात्री तांबडा डाग दिसतो; २०० मिमीतून पट्ट्यांच्या कडांना लोंबणारे निळसर धागे उलगडतात. ग्रह दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरत असल्याने चित्र झटपट काढावे लागते. डाग बिंबाच्या मध्यरेषेवर आल्याचे मिनिट टिपणे ही सर्वांत जुनी आणि आजही उपयुक्त रीत आहे. एका मिनिटाची चूक म्हणजे गुरूच्या रेखांशात जेमतेम ०.६° फरक. नोंद जागतिक वेळेत, म्हणजे कुवेतच्या घड्याळातून तीन तास वजा करून लिहितात. भारतीय वेळेचे तक्ते वापरताना अडीच तास वजा केले की कुवेतची वेळ मिळते.

अशा नोंदींनी विज्ञानाला खरोखर भर घातली आहे. ऑगस्ट १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनोदी नट विल हे यांना शनीवर मोठा पांढरा डाग सापडला. २००६ मध्ये फिलिपिन्सच्या ख्रिस्तोफर गो यांनी गुरूवरील एक पांढरे अंडाकृती वादळ तांबडे झाल्याचे दाखवले. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांनी गुरूवर आघाताचा ताजा काळा व्रण पाहिला, आणि त्यानंतर मोठ्या वेधशाळा तिकडे वळल्या. २०१० मध्ये गुरूचा दक्षिण विषुववृत्तीय पट्टा जवळजवळ नाहीसा झाला होता. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा उगवू लागल्याची पहिली खूणही गो यांनीच टिपली. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या छायाचित्रांना संदर्भ म्हणून हौशींची चित्रे वापरली जातात.

मराठी निरीक्षकाच्या दृष्टीने फहाहीलचे मोल ऋतूत आहे. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून महाराष्ट्रातील सर्व मंडळांचे वेध जून ते सप्टेंबर पावसात अडकतात. २०२२ ते २०२५ या चारही वर्षी शनीची प्रतियुती, म्हणजे तो रात्रभर दिसण्याचा काळ, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आली. जुलै १९९४ मधील शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे गुरूवरील आघातही ऐन पावसाळ्यातले. फहाहीलला त्या महिन्यांत पाऊस जवळपास पडत नाही. पुण्याच्या तुलनेत रेखांशात २६° पश्चिमेस असल्याने गुरू इथे पावणेदोन तास उशिरा आकाशात सर्वांत उंच येतो. तेवढ्यात तो स्वतःभोवती ६० अंशांहून अधिक फिरलेला असतो. पुण्यात मावळतीला गेलेल्या ग्रहाची पुढची बाजू इथे दिसू शकते.

अडचणी धुळीच्या आणि उष्णतेच्या आहेत. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारा शमाल वारा आकाश पिवळसर करतो. भिंगावरची धूळ कधीही कापडाने पुसू नये, रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. वातानुकूलित खोलीतून दुर्बीण दमट रात्री बाहेर काढली की काचेवर लगेच बाष्प धरते. म्हणून झाकण न काढता ती तासभर आधी गच्चीवर ठेवावी. दिवसभर तापलेल्या काँक्रीटवरून आणि एसीच्या यंत्रांवरून उठणारी गरम हवा प्रतिमा थरथरवते, त्यामुळे पहाटेची वेळ पत्करावी. आकाशात ग्रह जितका उंच, तितकी ही थरथर कमी. गुरू मिथुन राशीत असला की फहाहीलहून जवळपास डोक्यावर येतो. धनू राशीतला गुरू किंवा शनी मात्र चाळिशीच्या आसपासच्या अंशांपर्यंतच चढतो.

कॅमेऱ्याने दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन हजारो चौकटींपैकी स्थिर तेवढ्याच एकावर एक रचतात. याहून लांब चित्रण केल्यास ग्रहाच्या फिरण्याने तपशील पुसट होतो. चित्रावर तारीख, जागतिक वेळ, दुर्बिणीचा व्यास आणि फिल्टर यांची नोंद हवीच. तिच्याविना सुंदर चित्रही मोजमापाला निरुपयोगी ठरते. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा गुरू विभाग आणि स्पेनमधील बास्क विद्यापीठाचा ग्रहचित्रसंग्रह जगभरातील हौशींची अशी चित्रे स्वीकारतात.