पितळेच्या पातेल्यांतील दूध

बारामतीहून नीरेकडे जातांना पणदरे हें गांव लागतें. कालव्याचें पाणी, ऊस आणि दुभतीं जनावरें यांचा हा मुलूख. अशा सुखवस्तु गांवांतील जुन्या स्वयंपाकघरांत दूध तापे तें पितळेच्या पातेल्यांत. आजची हकीकत त्या पातेल्याची आहे.

वर्ष-दोन वर्षांचें मूल किरकिर करूं लागे. बारीक ताप येई, भूक मंदावे. मग पोट फुगून उजव्या बरगडीखालीं यकृताची कठीण कड हातास लागे. घरांतील वडील माणसें म्हणत, मुलाला ‘लिव्हर’ झालें. पुढें कावीळ, पोटांत पाणी, आणि कांहीं महिन्यांत सारें संपे. एकाच आईचीं दोन-दोन मुलें अशीं जात. तेव्हां कोणी रक्ताचा दोष म्हणे, कोणी दैवाचा, तर कोणी आईच्या दुधाचा. हा शेवटचा तर्क मला सर्वांत क्रूर वाटतो, कारण खरी गोष्ट नेमकी उलट निघाली.

कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनीं १८८७ मध्यें या विकाराचें वर्णन केलें. परंतु जवळजवळ शंभर वर्षें कारण हातीं लागलें नाहीं. १९७९ च्या सुमारास या बालकांच्या यकृतांत तांब्याचा अतोनात सांठा असल्याचें सिद्ध झालें. हें तांबें आलें कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनीं चुलीकडे पाहिलें. १९८३ मध्यें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत त्यांनीं मांडलें कीं, पितळी भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें जनावराचें दूध तान्ह्या वयांत सुरू करणें, हें याचें कारण असावें. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त. दुधांतील केसीन हें प्रथिन तांब्यास धरून ठेवतें. पाण्यांत तें इतकें उतरत नाहीं. आईच्या दुधांत मात्र तांबें अगदीं थोडें. म्हणून अंगावर पिणारें गरिबाचें मूल बहुधा सुटे, आणि ज्या घरीं दुभतें व पितळ दोन्ही होतें तेथें पाळणा रिकामा होई.

कल्हई असती तर? नवसागर आणि कथील घेऊन कल्हईवाला दारावर येईच. आंबट पदार्थ कळकतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक होतें. दूध मात्र जिभेस तक्रार करीत नाहीं, म्हणून त्या पातेल्याची कल्हई उडाली तरी कोणाच्या ध्यानांत येत नसावें.

हें केवळ आपल्याकडेच घडलें असें नव्हे. ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांतांत १९०० ते १९७४ या काळांत १३८ बालकें अशाच विकारानें गेल्याचें १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें. तेथेंही तांब्या-पितळेचीं भांडीं आणि गाईचें दूध. शिवाय आनुवंशिक प्रवृत्तीचा पुरावाही मिळाला. त्याच पातेल्यांतलें दूध पिऊन एक मूल आजारी पडे व दुसरें खेळत राही, त्याचा उलगडा कदाचित् येथें असेल. रक्ताचा दोष म्हणणारे वडील सर्वस्वी चुकले नव्हते.

पेनिसिलामाईन या तांबें बाहेर काढणाऱ्या औषधानें पुण्यास वेळीं आणलेलीं कांहीं मुलें वांचलीं. पण खरा उपाय स्वयंपाकघरांत झाला. पितळेंतलें दूध लहानग्यांस देऊं नये, असें डॉक्टर सांगत राहिले. त्याच सुमारास स्टेनलेस स्टील घरोघर शिरलें, आणि १९९० नंतर हा रोग दुर्मिळ झाला. यांतील थोडें श्रेय मी जुन्या लुगड्यांवर स्टीलचें पातेलें देऊन जाणाऱ्या बोहारणीलाही देईन.