मंडळीच्या मुखी स्तोत्र

१९०३ साली पोप दहावे पायस यांनी ग्रेगोरियन गायन हा पवित्र संगीताचा सर्वोच्च आदर्श ठरविला. भाविकांनीही ते गावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु महाविधीत लोकभाषेतील गायन निषिद्धच राहिले. परिणामी वृंद गाई आणि मंडळी बहुधा ऐकत राही.

फ्रान्समधील येशूसंघीय धर्मगुरू जोसेफ झेलिनो (१९२०-२००८) यांनी १९५०च्या दशकात वेगळी वाट दाखविली. हिब्रू स्तोत्रांतील आघातांची लय त्यांनी फ्रेंच अनुवादात सांभाळली. ओळीतील आघात ठरलेले, मधली अक्षरे कमीअधिक. कडवी गायकाने गावीत, सोपे ध्रुपद सर्वांनी उचलावे.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज घोषित झाला. केवळ मोठ्या वृंदांसाठी न रचता लहान वृंद व सर्व मंडळी यांचाही विचार करावा, शब्द मुख्यतः बायबल व उपासनाविधीतून घ्यावेत, असे त्याने संगीतकारांना सांगितले. धर्मप्रांतांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही त्याने मान दिला.

मराठीला हे सूत्र परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी लोकांच्या परिचयाची ओवीच निवडली होती. आज नवी चाल बांधणाऱ्याने एवढेच पाहावे: शेवटच्या बाकावरील आजी दुसऱ्या कडव्यानंतर ध्रुपद धरते काय?