परगणे शरीराबाद, तालुका चंद्र

पैठणच्या एकनाथ महाराजांनी देवाला एक अर्ज लिहिला आहे, तो थेट दरबारी कागदाच्या थाटात. मजकूर साधारण असा. आम्ही सरकारी कामावर शरीराबाद परगण्यात, कायापुरी किल्ल्यावर रुजू झालो; पण इथले वतनदार भारी माजलेले. मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, कामाजी महाजन, क्रोधाजी नाईकवाडी, सगळे एकाला एक मिळालेले. वसुली होऊ देत नाहीत, काम चालू देत नाहीत. तेव्हा साहेबांनीच बंदोबस्त करावा.

सोळाव्या शतकात देवगिरीच्या किल्ल्यावर जी फारसी वळणाची कारकुनी मराठी चालायची, ती नाथांनी जशीच्या तशी उचलली आणि माणसाचं आख्खं मन तिच्यात बसवलं. गुरू जनार्दनस्वामी हे त्या किल्ल्याचे किल्लेदार. गुरूंच्या हिशेबात एका पैची चूक रात्रभर शोधून, ती सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवणारे नाथ शाळेच्या पुस्तकात भेटतात. पण ज्या जमाखर्चानं झोप उडवली त्याच जमाखर्चाचं त्यांनी पुढे भारूड केलं, आणि अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र असल्या सगळ्या कागदांचीही यथेच्छ फिरकी घेतली, हे शाळेत कुणी सांगत नाही. मला ते आमच्या घरच्या आबांनी सांगितलं.

आमचं गाव अंबडच्या खालच्या अंगाला, गोदावरीकडे. आबांचं शिक्षण निजामाच्या अमलातलं, म्हणजे उर्दूतून. तरुणपणी ते पटवाऱ्याच्या हाताखाली कागद लिहायचे. त्यामुळे सप्त्यात अर्जदस्ताचं भारूड उभं राहिलं की बाकीचं गाव सोंगाला हसायचं आणि आबा मायन्याला. ‘अरे, आसाच आर्ज मी तहसीलदाराला लिव्हला व्हता,’ असं म्हणून ते डोळे पुसत. ‘फरक येवढाच, नाथाच्या आर्जाला जाब मिळाला.’

ते भारूड करायचे आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या. दिवसा शेतकरी, रात्री मारुतीच्या देवळापुढं गॅसबत्तीच्या उजेडात जोगवा मागणारी बाई, जोशी, गारुडी, विंचू चावलेला माणूस, सासरला कंटाळलेली सून. नाथांनी सव्वाशेच्या आसपास विषयांवर तीनशेच्या घरात भारुडं रचली असं सांगतात. त्यांतली तात्यांना किती येत होती हे त्यांनाही ठाऊक नसावं. सोंगाचं सामान घरातलंच. मोठ्या मायचं जुनं लुगडं, फुटकं सूप, कवड्यांची माळ, केरसुणी. मोठी माय कुरकुरायची, ‘मपलं लुगडं नेसून गावभर नाचतो, आन मलाच वळखू येत नाही!’ टाळ-मृदंग आणि दिमडी चालू असायची, आणि शेजारी एक साथीदार मुद्दाम येड्यासारखे प्रश्न विचारायचा. तात्या मूळ पद सोडून त्या प्रश्नांच्या मागं कुठंही भरकटायचे. बाजाराला, पाटलाच्या बैलाला, परवाच झालेल्या लग्नातल्या वरणाला शिवून परत नाथांच्या ओळीवर यायचे. खरी गंमत त्या भरकटण्यात असायची.

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात. समर्थांचा जन्म १६०८चा. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या. तात्या भारुडाच्या मध्येच थांबून एखादं लक्षण आपल्या भाषेत सांगायचे आणि गर्दीतल्या एका माणसाकडे टक लावून बघत राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. लोक हसून लोळायचे आणि तो माणूस हळूच जागा बदलायचा. पढतमूर्खाच्या पाळीला शाळामास्तर आधीच उठून जायचे, असं मोठी माय सांगायची. आबांच्या सांगण्यात मात्र मास्तर बसून राहायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. या घरात एका गोष्टीची दोन रूपं असणं हा नियमच होता.

बहुरूप्याच्या गोष्टीचंही तेच. आमच्याकडे त्याला रायरंद म्हणतात. पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट. एका सकाळी गावात अमीनसाहेब आले. निजामाच्या राज्यात पोलिसांच्या अंमलदाराला अमीन म्हणत आणि त्याचं नाव घेतलं तरी कवाडं लागत. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, हातात छडी आणि कागदांची गुंडाळी. पाटलांनी घोंगडी अंथरली, चहा मागवला. साहेबांनी कागद उलगडला आणि खास उर्दूत गुन्हे वाचायला सुरुवात केली. तुमच्या बैलानं सरकारी रस्त्यावर परवानगीशिवाय शिंक दिली. तुमच्या विहिरीत चंद्र पडला, त्याची वर्दी दिली नाही. तुमच्या कोंबड्यानं सूर्याच्या आधी बांग दिली, म्हणजे सरकारच्या आधी दिवस सुरू केला. तिसऱ्या गुन्ह्याला पाटलांच्या लक्षात आलं, की आपण घोंगडी रायरंदाला अंथरली आहे. आबा म्हणायचे, पाटलांनी हसून दोन हाली रुपये दिले. मोठी माय म्हणायची, पाटील भांबावले ते तसेच उभे राहिले आणि रुपये पाटलीणबाईंनी दिले. दोघांनाही गुन्हे मात्र तोंडपाठ होते.

या खुळचटपणाच्या मागं काय होतं ते आबा वेगळ्या वेळी सांगायचे. हैदराबाद संस्थानात सभा घ्यायची तर परवानगी लागे. ५३ नंबरच्या गश्तीचा, म्हणजे सरकारी परिपत्रकाचा, धाक सगळ्या मराठवाड्याला होता. पण देवळापुढं टाळ घेऊन बसलेल्या माणसांना कोण हटकणार? आणि बैलाच्या शिंकेवर हसणाऱ्यावर कुठलं कलम लावणार? तात्या काही क्रांतिकारक नव्हते, रायरंद तर नव्हताच. तरीही ज्या कागदाला गाव भितं त्याच कागदाचं सोंग होतं, हे मला या गोष्टींतून कळलं. तऱ्हेवाईकपणाला समोर एक करडा चेहरा लागतो.

संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला भारतात आलं, मराठवाडा १९५६मध्ये मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. अमीन गेले, ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी अधिकारी आले. तात्यांना नवी पात्रं मिळाली. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि हायब्रीड हा शब्द आमच्या शिवारात शिरला. संकरित ज्वारी उंचीला कमी, कणसाला भरघोस, पण तिच्या भाकरीला जुन्या ज्वारीची चव नाही असं म्हाताऱ्यांचं ठाम मत. तात्यांनी लगेच हायब्रीडबाई नावाची नवरी उभी केली. बुटकी, कडेवर पोरं फार, माहेर सरकारी, आणि सासूला तिच्या हातची भाकरी गोड लागत नाही. सासू म्हणजे जुनी दगडी ज्वारी, उंच आणि वाकलेली. दोघींचं भांडण मध्यरात्रीपर्यंत चालायचं. गावातल्या अर्ध्या लोकांनी तेच बियाणं पेरलेलं असायचं आणि तेच सगळ्यांत जास्त हसायचे.

१९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला. रेडिओवर बातमी ऐकून त्या श्रावणातल्या सप्त्यात तात्यांनी चंद्रावर तलाठी पाठवला. शेतजमिनीचा कागद तेव्हा नुकताच पहाणीपत्रकाचा सात-बारा झालेला. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून जुनंच नाव होतं. तात्यांचा तलाठी चंद्राची मोजणी करतो. जिरायत की बागायत, विचारतो. तिथं पाणी नाही, माणूस नाही, तरी शेजाऱ्यानं बांध कोरल्याची तक्रार हजर. मालक कोण, तर ससा. वारस कोण, तर अमावास्या. शेवटी तलाठी फेरफार करायचे पैसे मागतो आणि ससा म्हणतो, ‘पौर्णिमेला या, आत्ता माझ्याकडं अर्धाच आहे.’ आबांना एवढंच आठवायचं. मधली पदं गेली.

पुढे पुण्यात शिकताना एका मित्राकडे बॉन्झो डॉग डू-दा बँडच्या तबकड्या ऐकल्या आणि मला तात्याच आठवले. लंडनच्या कलाशाळांतल्या पोरांनी १९६२मध्ये हे टोळकं जमवलं. जुन्या बाजारातून १९२०-३०च्या दशकांतल्या टाकाऊ तबकड्या शोधायच्या आणि त्या चाली गंभीर चेहऱ्यानं वेड्यावाकड्या वाजवायच्या, हा सुरुवातीचा उद्योग. व्हिव्हियन स्टॅनशॉल सोंग काढणारा, नील इनेस चाली बांधणारा, रॉजर रस्किन स्पिअर रंगमंचावर यंत्रमानव नाचवणारा. १९६७च्या त्यांच्या पहिल्या तबकडीत एक गाणं असं आहे, की त्यात गाणंच नाही. नुसती वादकांची ओळख. एकेक नाव, त्याचं एकेक वाद्य, आणि बघता बघता त्या वाद्यवृंदात जॉन वेनपासून हिटलरपर्यंत सगळे येऊन बसतात. ते ऐकताना मला ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी समोर दिसले. युक्ती एकच: यादी सरळ चेहऱ्यानं वाचायची आणि भलत्याच माणसाला भलत्याच जागी बसवायचं.

त्यांचंही चंद्राशी नातं निघालं. शहरी अंतराळवीरावरचं त्यांचं गाणं १९६८मध्ये ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच्या निर्मितीत बीटल्सचा पॉल मॅकार्टनी होता, पण तबकडीवर नाव छापलं अपोलो सी. व्हर्माउथ. सोंगातही पुन्हा सोंग. १९६७मध्ये खुद्द बीटल्सनी सार्जंट पेपरसाठी भडक रंगांचे लष्करी थाटाचे झगे चढवले. ज्या गणवेशाच्या धाकात आधीची पिढी दोन महायुद्धं लढली, तो गणवेश पोरांनी वाजंत्र्यांचा केला. आमच्या रायरंदानं अमीनाची टोपी घातली, त्याचं हे विलायती भावंड.

या विलायती वेडाचं मूळ शोधत मागं गेलं, की माणूस पोचतो तो थेट नगरला. १९५१पासून बीबीसीवर गाजलेल्या गून शो या विनोदी कार्यक्रमाचा लेखक स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ला अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, जन्मला. बाप ब्रिटिश फौजेत, आणि रंगमंचाचा शौकीन. पोराचं लहानपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन त्याआधी याच मिलिगनच्या आणि पीटर सेलर्सच्या विनोदी तबकड्या काढायचा, आणि जॉन लेनन तर गून शोवरच वाढलेला. नगर जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरी, आणि पलीकडे पैठण. म्हणून मिलिगननं नाथांचं भारूड ऐकलं असेल, असं मी म्हणणार नाही. छावणीतल्या गोऱ्या पोराच्या कानावर ते येण्याची शक्यता फार थोडी. पण त्यानं फौजेची शिस्त, हुकूम, अर्ज आणि सलाम अगदी जवळून पाहिले, आणि मोठेपणी त्या सगळ्याचा बाजार उठवला. करडा चेहरा तिथंही हजर होताच.

फरक आहे तो वेगळा. बॉन्झोंच्या प्रत्येक गाण्याला तबकडी आहे, साल आहे, वादकाचं नाव आहे. नाथांची भारुडं गाथेत छापलेली आहेत. मधल्या शेकडो तात्यांचं मात्र काहीच उरलेलं नाही, कारण त्यांनी मूळ पदात जे घुसडलं ते कुणी लिहून घेण्याजोगं मानलं नाही. मराठवाड्याची ही जीभ मोठ्या रंगमंचावर नेली ती लक्ष्मण देशपांडे यांनी. १९७९पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ते एकटेच बावन्न पात्रं उभी करायचे, आणि खेड्यातलं वऱ्हाड थेट साहेबाच्या गावात नाचवायचे. भारुडाच्या वाटेनं सिल्लोडकडचे निरंजन भाकरे दूरवर पोचले. त्यांचा ‘बुरगुंडा’ ज्यांनी समोर बसून पाहिला त्यांना आधी पोट दुखेपर्यंत हसणं आठवतं आणि उपदेश मागाहून. २०२१मध्ये कोरोनानं त्यांना नेलं.

आता भारुडाला मागणी आहे ती योजनांसाठी. स्वच्छता, व्यसनमुक्ती, पाणी, मतदान. कलावंताला मानधन मिळतं, ते मिळायलाच हवं. विषयही वाईट नाहीत. पण पहिल्याच मिनिटाला संदेश देणारं भारूड म्हणजे लुगडं नेसून वाचलेलं परिपत्रक. नाथांनाही सांगायचं होतंच. अध्यात्माशिवाय त्यांचं एक भारूड नाही. तरी ते आधी विंचू चावू देतात, बाईला आरडाओरडा करू देतात, परगण्यातले सगळे हरामखोर नावानिशी मोजतात, आणि शेवटी हळूच अर्थ सोडतात. ज्या कागदाची भारुडानं चारशे वर्षं फिरकी घेतली, त्याच कागदाचा दवंडीवाला व्हायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

म्हणून सप्त्याच्या पंचांना सांगणं आहे, की वर्षातून एक रात्र तरी भारूडवाल्याला कुठलाही विषय देऊ नका. आणि तुमच्या गावात कुणी जुना सोंगाड्या अजून असेल, तर मोबाइल घेऊन त्याच्याकडे आजच जा. त्याला परंपरेबद्दल दोन शब्द बोलायला लावू नका. पाटलाच्या बैलाचं काय झालं, एवढंच विचारा, आणि तो थांबेपर्यंत रेकॉर्डिंग बंद करू नका.