हँगरमधली चूक: मुंबईतील ‘कोणार्क’ विमानाची आग

४ सप्टेंबर २००९ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी आंतरराष्ट्रीय विमानतळावर एअर इंडियाचे बोइंग ७४७-४०० विमान धावपट्टीकडे निघाले असताना पेटले. मुंबईहून रियाधला जाणारे हे उड्डाण होते, क्रमांक ए.आय. ८२९. विमानात २१३ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. डाव्या पंखाखालच्या पहिल्या क्रमांकाच्या इंजिनाजवळ ज्वाळा उठल्यावर विमान थांबवण्यात आले आणि सगळ्यांना आपत्कालीन घसरगुंड्यांवरून उतरवण्यात आले. त्यात २१ जण जखमी झाले, मात्र कोणाचाही जीव गेला नाही. ‘कोणार्क’ नावाचे हे विमान १९९३ साली ताफ्यात आले होते. आगीनंतर ते दुरुस्त करण्याजोगे राहिले नाही आणि सेवेतून काढून टाकावे लागले.

आगीचे कारण इंधनगळती, आणि गळतीचे कारण देखभालीतील मानवी चूक, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. बोइंग ७४७ ची चारही इंजिने पंखांखाली आधार-खांबांना टांगलेली असतात. पंखातील टाक्यांमधून इंधन त्या खांबातून जाणाऱ्या नळीवाटे इंजिनात पोहोचते. इंजिन बदलताना या नळीची जोडणी सोडवून पुन्हा बसवावी लागते. अशा ठिकाणी सील, रिंग किंवा कडी जागच्या जागी बसली नाही, तर दाबाखालचे इंधन फटीतून बाहेर येते आणि तापलेल्या भागांवर पडून पेट घेते. तंत्रज्ञाच्या हाताखालून क्षणभरात सुटलेली चूक अशा रीतीने शेकडो लोकांच्या जिवाशी जाऊन भिडते.

अशा अपघातांची परंपरा मुंबईपुरती मर्यादित नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ चे डावे इंजिन उड्डाणासाठी धावताना फुटले. वेल्डिंगने दुरुस्त केलेल्या ज्वलनकक्षाला पुन्हा तडा गेला होता. विमान जमिनीवरच थांबले, तरी १३७ पैकी ५५ जण दगावले. बहुतेकांचा बळी विषारी धुराने घेतला. त्यानंतर दारांजवळची मोकळी जागा, जमिनीलगतचे मार्गदर्शक दिवे आणि आग कमी पकडणारी आसने यांचे नियम कडक झाले.

२० ऑगस्ट २००७ रोजी जपानमधील नाहा येथे चायना एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उतरून जागेवर येऊन थांबले आणि काही वेळातच जळून गेले. पंखाच्या पुढच्या कडेवरील स्लॅटमधला एक बोल्ट नटासह सैल होऊन खाली पडला होता. स्लॅट आत ओढले जाताना त्याने इंधनटाकीला भोक पाडले. त्या नटावर काही आठवड्यांपूर्वीच काम झाले होते. नट निखळण्याच्या तक्रारी आल्याने बोइंगने सुचवलेले ते काम होते, पण त्यात एक वॉशर बसवायचे राहून गेले. दोष टाळण्यासाठी केलेल्या कामातूनच दोष शिरला. विमानातील सर्व १६५ जण मात्र वाचले.

या घटनांचा धडा एकच आहे: चूक करणाऱ्याला शोधून शिक्षा करणे पुरेसे नाही, कारण तीच परिस्थिती दुसऱ्याच्या हातूनही तीच चूक घडवते. कॅनडाच्या परिवहन खात्यातील गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ च्या सुमारास देखभालीतील चुकांच्या बारा मूळ कारणांची यादी मांडली. थकवा, घाई, संवादाचा अभाव, लक्ष विचलित होणे, आत्मसंतुष्टता ही त्यांपैकी काही. पाळी बदलताना अर्धवट राहिलेले काम तोंडी सांगणे आणि लेखी नोंदवून सोपवणे, यांतला फरक या यादीने ठळक केला.

भारतात ही जबाबदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. परवानाधारक देखभाल अभियंत्याने सही केल्याशिवाय दुरुस्त झालेले विमान सेवेत परतू शकत नाही. नियंत्रण प्रणालीसारख्या प्राणाइतक्या महत्त्वाच्या कामांवर दुसऱ्या, स्वतंत्र व्यक्तीची तपासणी लागते. मानवी घटकांचे प्रशिक्षणही देखभाल संस्थांना बंधनकारक आहे. २०१२ साली विमान अपघात अन्वेषण विभाग स्थापन झाल्यावर चौकशीचे काम नियामकापासून वेगळे झाले. अशा चौकशीचा हेतू दोषारोप नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे.

२००९ च्या त्या दिवशी मुंबईत जीवितहानी टळली, त्यामागे विमान जमिनीवर असणे, ते वेळीच थांबवले जाणे आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही कारणे होती. नव्या प्रवासी विमानाने निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत रिकामे होऊन दाखवावे, ही प्रमाणनाची अट याच प्रसंगांसाठी आहे. पण ही सर्व शेवटची फळी आहे. पहिली फळी हँगरमध्येच आहे: प्रत्येक रिंग जागेवर बसली का हे पाहणारा तंत्रज्ञ, ते पुन्हा पाहणारा निरीक्षक, आणि त्या दोघांना पुरेसा वेळ देणारी कंपनी.