कोलेसिस्टोकायनिन ग्राही

कोलेसिस्टोकायनिन ग्राही हे पेशीपटलावरील प्रथिन रेणू असून कोलेसिस्टोकायनिन व गॅस्ट्रिन या पचनसंस्थेतील दोन संप्रेरकांचा संदेश ते पेशीच्या आत पोहोचवतात. त्यांचे दोन प्रकार आहेत : पहिला ग्राही (पूर्वीचे नाव ‘ए’) आणि दुसरा ग्राही (पूर्वीचे नाव ‘बी’). जेवणानंतर रक्तात मिसळणाऱ्या एकाच संप्रेरकामुळे पित्ताशय आकुंचन पावते, पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला स्नायू सैल पडतो आणि जठर रिकामे होण्याची गती मंदावते. हे परस्परविरोधी वाटणारे परिणाम कोणत्या अवयवात कोणता ग्राही आहे आणि तो कोणत्या प्रकारच्या पेशीवर आहे, यांवर ठरतात.

इतिहास

लहान आतड्याच्या अर्कामुळे पित्ताशय आकुंचन पावते, हे आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये दाखवले व त्या द्रव्यास कोलेसिस्टोकायनिन हे नाव दिले. स्वादुपिंडातून विकरे स्रवण्यास लावणारे द्रव्य हार्पर व रेपर यांनी १९४३ मध्ये वर्णिले आणि त्याला पॅन्क्रिओझायमिन म्हटले. ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत, हे स्वीडनमधील योर्पेस व मुट यांच्या शुद्धीकरणाच्या कामातून १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. दोन्ही ग्राहींच्या जनुकांचे क्लोनिंग १९९२ मध्ये झाले. पहिल्याचे उंदराच्या स्वादुपिंडातून, तर दुसऱ्याचे कुत्र्याच्या जठरातील आम्लस्रावी पेशींतून.

‘ए’ हे अक्षर अन्नमार्गासाठी व ‘बी’ हे मेंदूसाठी असलेल्या इंग्रजी शब्दांवरून घेतले होते. पुढे पहिला ग्राही मेंदूच्या काही भागांत आणि दुसरा जठरातही आढळल्याने ही नावे दिशाभूल करणारी ठरली व त्यांच्या जागी अंक आले.

रचना व निवडक बंधन

दोन्ही ग्राही पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणाऱ्या, जी-प्रथिनाशी जोडलेल्या ग्राहींच्या कुळातील आहेत. मानवातील पहिला ग्राही ४२८, तर दुसरा ४४७ अमिनो आम्लांचा असून त्यांच्या क्रमात सुमारे निम्मे साम्य आहे. संप्रेरक जोडले गेले की पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते. स्नायुपेशीत त्यामुळे आकुंचन होते, ग्रंथिपेशीत स्राव होतो.

कोलेसिस्टोकायनिन व गॅस्ट्रिन यांच्या टोकाकडील पाच अमिनो आम्ले तंतोतंत सारखी आहेत. भेद आहे तो सल्फेटयुक्त टायरोसीनच्या जागेचा : कोलेसिस्टोकायनिनमध्ये ते टोकापासून सातवे, गॅस्ट्रिनमध्ये सहावे असते. पहिला ग्राही हा फरक काटेकोरपणे ओळखतो. सल्फेटयुक्त कोलेसिस्टोकायनिनबद्दलची त्याची ओढ गॅस्ट्रिनच्या तुलनेत ५०० ते १००० पट असते. दुसरा ग्राही मात्र दोघांनाही जवळजवळ सारखाच स्वीकारतो. रक्तात गॅस्ट्रिनचे प्रमाण कितीतरी जास्त असल्याने जठरातील दुसरा ग्राही व्यवहारात गॅस्ट्रिनचाच ग्राही ठरतो.

अवयवानुसार कार्य

पित्ताशय व पित्तनलिका : स्निग्ध पदार्थ व प्रथिने आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, पोहोचली की तेथील ‘आय’ पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात. पित्ताशयाच्या स्नायूंवरील पहिल्या ग्राहीमुळे ते आकुंचन पावते. पित्त आतड्यात उतरण्यासाठी त्याच वेळी ओडीचा परिसंकोची स्नायू सैल व्हावा लागतो. या स्नायूवर संप्रेरकाचा थेट परिणाम आकुंचनाचाच असतो, असे मांजरांवरील प्रयोगांत दिसले. परंतु तेथील निरोधक मज्जातंतूंवरही पहिला ग्राही असतो आणि निरोगी अवस्थेत त्यांचा प्रभाव वरचढ ठरतो. या मज्जातंतूंची हानी झाली, तर तोच संदेश वाट मोकळी करण्याऐवजी बंद करू शकतो.

जठर : येथे दोन्ही ग्राही एकमेकांविरुद्ध काम करतात. दुसरा ग्राही आम्लस्रावी पेशींवर आणि हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींवर असून तो आम्लस्राव वाढवतो. पहिला ग्राही सोमॅटोस्टॅटिन स्रवणाऱ्या ‘डी’ पेशींवर असून सोमॅटोस्टॅटिन आम्लस्राव रोखते. कोलेसिस्टोकायनिन दोन्ही ग्राहींना जोडले जात असले, तरी एकूण परिणाम आम्लस्राव कमी होण्याचा असतो. पहिला ग्राही औषधाने रोखल्यास आम्लस्राव वाढतो, यावरून हा तोल लक्षात येतो. जठर रिकामे होण्याची गती मंदावणे हे मुख्यतः व्हेगस मज्जातंतूच्या संवेदी तंतूंवरील पहिल्या ग्राहीमार्फत होते.

स्वादुपिंड : उंदरांमध्ये विकरे तयार करणाऱ्या पेशींवर पहिला ग्राही विपुल असतो. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधकांमुळे उंदरांत हे संप्रेरक वाढते व त्यांचे स्वादुपिंड मोठे होते. मानवी पेशींत मात्र या ग्राहीचे प्रमाण फार कमी आढळते. मानवात हे संप्रेरक प्रामुख्याने व्हेगसमार्गे, ॲसिटिलकोलीनच्या साहाय्याने काम करते, असे अनेक संशोधक मानतात. थेट परिणामही होतो, असे दाखवणारे प्रयोगही आहेत. हा वाद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. बेडकाच्या त्वचेत सापडलेल्या सेरुलिन या सदृश द्रव्याने उंदरांत स्वादुपिंडदाह घडवून त्यावर उपचार शोधले जातात, आणि ते निष्कर्ष मानवाला कितपत लागू पडतात, हे याच प्रश्नाशी निगडित आहे.

भूक व मेंदू

कोलेसिस्टोकायनिन दिल्यास उंदीर कमी खातात, हे गिब्ज, यंग व स्मिथ यांनी १९७३ मध्ये दाखवले. पहिला ग्राही नसलेले ओलेट्फ जातीचे उंदीर एका वेळी जास्त खातात व लठ्ठ होतात. मात्र हाच ग्राही जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या लहान उंदरांचे वजन सामान्य राहते. पहिल्या ग्राहीला चेतवणारी औषधे लठ्ठपणावर उपयोगी पडतील, ही अपेक्षाही मानवी चाचण्यांत फोल ठरली. मेंदूत दुसरा ग्राही अधिक असून, चार अमिनो आम्लांचा कोलेसिस्टोकायनिनचा तुकडा शिरेतून दिल्यास काही व्यक्तींना तीव्र भीतीचा झटका येतो.

वैद्यकीय उपयोग

सिंकलाइड हा आठ अमिनो आम्लांचा कृत्रिम तुकडा शिरेतून देऊन पित्ताशय किती रिकामे होते, हे किरणोत्सारी चित्रणाद्वारे मोजतात. पित्तखडे असलेल्या रुग्णास तेलकट जेवणानंतर पोटात कळ येते, तीही याच ग्राहीमुळे होणाऱ्या आकुंचनातून : पित्ताशय आवळले जाते आणि खडा त्याच्या तोंडाशी अडकतो. नेटाझेपाइड हे दुसऱ्या ग्राहीचे प्रतिरोधक असून, रक्तातील वाढलेल्या गॅस्ट्रिनमुळे जठरात होणाऱ्या चेतासंप्रेरकी गाठींवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.