पंढरपूर (तीर्थक्षेत्र)

पंढरपूर हे महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील, भीमा नदीच्या उजव्या तीरावर वसलेले तीर्थक्षेत्र व तालुक्याचे ठिकाण आहे. विठ्ठल आणि रुक्मिणी यांची मंदिरे ही येथील मुख्य श्रद्धास्थाने असून हे वारकरी संप्रदायाचे केंद्र आहे. शहराजवळ भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून येथे तिला चंद्रभागा म्हणतात. मूर्तीच्या चरणांवर प्रत्यक्ष मस्तक ठेवून दर्शन घेण्याची प्रथा हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य होय. मात्र हा लाभ सर्व जातींच्या भाविकांना १९४७ नंतरच मिळू लागला.

स्थान व प्राचीनता

पंढरपूर सोलापूरच्या पश्चिमेस सुमारे ७० कि.मी. अंतरावर, कुर्डुवाडी–मिरज लोहमार्गावर आहे. होयसळ राजा सोमेश्वर याच्या इ.स. १२३७ मधील शिलालेखात या गावाचा ‘पंडरगे’ असा उल्लेख आढळतो. मंदिरात ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ या नावाने ओळखला जाणारा लेख आहे. त्यात शके ११९५ ते ११९९ (इ.स. १२७३ ते १२७७) या काळात मंदिरासाठी देणग्या देणाऱ्यांची नोंद असून दात्यांमध्ये यादव राजा रामदेवराव व त्याचा मंत्री हेमाद्री यांचा समावेश आहे. या दगडाला पाठ घासल्यास चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत पुढे रूढ झाली व त्या घर्षणाने लेखाची अक्षरे झिजली.

क्षेत्रदर्शनाचा क्रम

परंपरेनुसार यात्रेकरू प्रथम चंद्रभागेत स्नान करतात व वाळवंटातील पुंडलिकाच्या मंदिरात जातात. आईवडिलांच्या सेवेत मग्न असलेल्या पुंडलिकाने भेटीस आलेल्या देवाकडे वीट भिरकावली आणि देव तिच्यावरच उभा राहिला, अशी कथा आहे. हे मंदिर नदीपात्रातच असल्याने पूर आल्यास किंवा उजनी धरणातून मोठा विसर्ग झाल्यास ते पाण्याने वेढले जाते.

तेथून महाद्वार घाटाने विठ्ठल मंदिराकडे जाता येते. मंदिराचे मुख्य द्वार पूर्वाभिमुख असून त्याच्या पहिल्या पायरीस ‘नामदेव पायरी’ म्हणतात. संतांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी, या इच्छेने संत नामदेवांनी इ.स. १३५० मध्ये येथे समाधी घेतली, असे वारकरी मानतात. या पायरीसमोर, मंदिराच्या बाहेर, संत चोखामेळा यांची समाधी आहे.

आत सभामंडप, सोळखांब व चौखांब ओलांडल्यावर गाभारा लागतो. सोळखांबातील धातूच्या पत्र्याने मढवलेल्या गरुडखांबास आलिंगन देऊन भाविक पुढे जातात. विठ्ठलाची मूर्ती विटेवर समचरण उभी असून तिचे दोन्ही हात कटीवर आहेत. रुक्मिणीचे स्वतंत्र मंदिर मागील बाजूस आहे. प्राकारात संत कान्होपात्रेचे स्थान व तरटीचे झाड आहे. शहरानजीक असलेल्या विष्णुपद व गोपाळपूर या स्थानांनाही यात्रेकरू भेट देतात.

वाऱ्या

चैत्र, आषाढ, कार्तिक व माघ या महिन्यांतील शुद्ध एकादशीस मोठ्या यात्रा भरतात. त्यांत आषाढी सर्वांत मोठी असते. ज्येष्ठ वद्य पक्षात देहूहून तुकाराम महाराजांची व आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० कि.मी. अंतर दिंड्या पायी चालतात. विविध संतांच्या पालख्या पंढरपूरच्या अलीकडे वाखरी येथे एकत्र येतात. आषाढ पौर्णिमेस गोपाळपूर येथे काला होऊन वारीची सांगता होते.

यात्राकाळात देवाचा पलंग काढला जातो, म्हणजे देवाची निद्रा बंद राहते व मंदिर दर्शनासाठी रात्रंदिवस खुले असते. यात्रेनंतर प्रक्षाळपूजा होऊन नित्योपचार पूर्ववत सुरू होतात. दर्शनबारीत दीर्घकाळ थांबावे लागत असल्याने अनेक वारकरी केवळ दुरून मुखदर्शन घेतात. कित्येक जण नामदेव पायरी व कळसाला हात जोडूनच परततात, आणि तेवढ्यानेही वारी पूर्ण झाली असे संप्रदाय मानतो.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न

चोखामेळा हे महार जातीत जन्मलेले वारकरी संत. त्या काळच्या अस्पृश्यतेमुळे त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. चोखोबांचे अभंग कीर्तनांतून गायिले जात होते, मात्र त्यांच्या समाजातील वारकऱ्यांना पुढील सहा शतके या समाधीच्या पलीकडे जाता आले नाही.

ही बंदी उठवावी यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्राचा दौरा करून जनमत जागृत केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपूर येथे, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषण आरंभिले. सनातनी मंडळींचा विरोध तीव्र होता. ग. वा. मावळणकर यांच्या मध्यस्थीनंतर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि सुमारे दहा दिवसांनी उपोषण सुटले. विठ्ठलाचे दर्शन चरणस्पर्शाने होत असल्यामुळे येथे प्रवेश मिळणे म्हणजे मूर्तीस स्पर्श करण्याचा अधिकार मिळणे होते, हे या लढ्याचे वेगळेपण होय.

व्यवस्थापन

मंदिराचे पूजाविधी व उत्पन्न यांवर दीर्घकाळ वंशपरंपरागत हक्क होते. विठ्ठलाकडे बडवे व अन्य सेवाधारी, तर रुक्मिणीकडे उत्पात घराण्यांचे हक्क असत. भाविकांच्या तक्रारींवरून नेमलेल्या नाडकर्णी आयोगाच्या अहवालानंतर राज्य शासनाने ‘पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३’ संमत केला. त्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले. १९८५ मध्ये मंदिर समितीकडे कारभार आला, तरी हक्कांचा वाद सुरूच राहिला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशपरंपरागत हक्कांचा दावा फेटाळला. त्याच वर्षी समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींतील स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले.

वाळवंटातील गर्दी व अस्वच्छता कमी करण्यासाठी नदीच्या पैलतीरावर वारकऱ्यांच्या निवासाची सोय करण्यात आली असून हे ठिकाण ‘पासष्ट एकर’ या नावाने ओळखले जाते. २०२० मध्ये कोरोना साथीमुळे पायी वारी झाली नाही. त्या वर्षी संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास आणण्यात आल्या.