इंजिनाच्या नाकावरचा भाता

मोटारीचं इंजिन म्हणजे शेवटी काय? हवा आणि पेट्रोल एका बंद भांड्यात दाबायचं, पेटवायचं आणि त्या भडक्याच्या जोरावर चाक फिरवायचं. भडका मोठा हवा असेल तर एक तर भांडंच मोठं घ्यायचं, नाहीतर आहे त्याच भांड्यात जास्त हवा कोंबायची. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण १९२८ ते १९३१ या तीन-चार वर्षांत इंग्लंडमध्ये एवढ्याच प्रश्नावरून दोन माणसांचे रस्ते वेगळे झाले. दोघेही एकाच गाडीवर जीव टाकणारे होते, हे विशेष.

त्यातले एक वॉल्टर ओवेन बेंटली. सगळे त्यांना 'डब्ल्यू. ओ.' म्हणत. जन्म १८८८चा. वयाच्या सोळाव्या वर्षी ते डोंकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले आणि पाच वर्षं तिथे तेलाकाळ्या हातांनी राबले. मला वाटतं, त्यांचा पुढचा सगळा स्वभाव तिथेच घडला. रेल्वेचं इंजिन एक दिवस जोरात पळालं म्हणून त्याचं कोणी कौतुक करत नाही. ते वर्षानुवर्षं रोज वेळेवर स्टेशनात आलं पाहिजे. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानांची इंजिनं बनवली आणि १९१९ साली स्वतःची मोटार कंपनी काढली. त्या काळी कंपनी फक्त चॅसी आणि इंजिन विकायची, वरची बॉडी गिऱ्हाईक दुसऱ्याकडून बांधून घ्यायचं. या चॅसीला बेंटली कंपनी पाच वर्षांची हमी देत असे. इंजिनातही अशीच सावधगिरी होती. सिलिंडर आणि त्यांचं डोकं एकाच ओतकामात केलेलं, म्हणजे मध्ये गॅस्केट नाही आणि ते फुटायची भीतीही नाही.

दुसरा माणूस सर हेन्री बर्किन, मित्रांमध्ये 'टिम'. नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्या श्रीमंत घराण्यातला, जन्म १८९६चा. युद्धात वैमानिक म्हणून पॅलेस्टाइनला गेला आणि तिथून मलेरिया घेऊन आला. अंगकाठी लहान, गळ्यात निळापांढरा ठिपक्यांचा रुमाल आणि पायाखाली सदैव दाबलेला ॲक्सिलरेटर. गाडीशी त्याचं वागणं निर्दय होतं, असं त्याच्या बरोबरचे लोकच म्हणत.

या दोघांना एकत्र आणलं ल मां या फ्रेंच गावातल्या शर्यतीने. १९२३पासून सुरू झालेली ही शर्यत चोवीस तासांची. शनिवारी दुपारी चारला सुटायचं आणि रविवारी चारपर्यंत त्याच सुमारे सोळा किलोमीटरच्या वळशावर फिरत राहायचं. पहिल्या वर्षी डब्ल्यू. ओ. म्हणाले होते, हा वेडेपणा आहे, चोवीस तास अशी धाव घ्यायला गाडी केलेलीच नसते. पण शर्यत पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. १९२४, १९२७, १९२८, १९२९ : चार वेळा बेंटली जिंकली. १९२८ची जीत तर जेमतेमच. जिंकलेल्या गाडीची चौकट शेवटी तडकली होती आणि रेडिएटरमधलं पाणी निघून गेलं होतं. वुल्फ बार्नाटोने ती अक्षरशः चुचकारत रेषेपार नेली.

बर्किनच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. युरोपातल्या गाड्या वेगवान होत होत्या आणि बेंटलीची साडेचार लिटरची गाडी त्यांच्यापुढे कमी पडणार, असं त्याला दिसत होतं. त्याचा उपाय होता सुपरचार्जर. लोहाराचा भाता जे काम करतो, तेच हा करतो. इंजिनाच्याच जोरावर फिरणारा पंप हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये भरतो. इंग्रजीत म्हणूनच त्याला 'ब्लोअर' म्हणत. ॲमहर्स्ट व्हिलियर्स या हुशार इंजिनिअरने तो तयार केला.

डब्ल्यू. ओ. यांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, या इंजिनाला भाता लावणं म्हणजे त्याची प्रकृती बिघडवणं. जोर वाढवायचा तर मोठं इंजिन करा. त्यांनी तसं केलंही होतं. साडेसहा लिटरची सहा सिलिंडरची 'स्पीड सिक्स' ही त्यांची तोड. पण तोवर कंपनीची मालकी त्यांच्या हातात राहिली नव्हती. पैसा बार्नाटोचा होता. किंबर्लेच्या हिऱ्यांवर श्रीमंत झालेल्या बापाचा हा मुलगा, अध्यक्षही तोच आणि शर्यतीत गाडी चालवणाराही तोच. त्याने बर्किनला होकार दिला. ल मांच्या नियमांसाठी अशा पन्नास गाड्या बाजारात आणणं भाग होतं, तेही ठरलं. शर्यतीच्या गाड्यांचा खर्च बर्किनला झेपेना, तेव्हा डोरोथी पॅजेट ही अतिश्रीमंत बाई पाठीशी उभी राहिली. (पुढे तिचा गोल्डन मिलर हा घोडा १९३४ची ग्रँड नॅशनल जिंकला. त्या मानाने मोटारींनी तिला फारसं काही दिलं नाही.)

डब्ल्यू. ओ. यांनी इंजिनात भात्यासाठी जागा करून देण्याचं नाकारल्यामुळे तो बसवला कुठे, तर क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्याही पुढे. आजही ती गाडी त्यावरूनच ओळखू येते. चेहऱ्याच्या बाहेर आलेलं हे धातूचं नाक पाहिलं, की दोन माणसांचं भांडण लोखंडात ओतून ठेवलंय असं वाटतं.

आता आकडे पाहू. साडेचार लिटरचं इंजिन शर्यतीसाठी तयार केलं की १३० अश्वशक्ती द्यायचं. भात्यासकट तेच २४० देऊ लागलं. जवळजवळ दुप्पट! स्पीड सिक्स शर्यतीत २००च्या आसपास द्यायची, पण साडेसहा लिटरमधून. म्हणजे एका लिटरमागे स्पीड सिक्सवर तीस घोड्यांचा भार, तर ब्लोअरवर चोपन्नचा. हा भार जातो कुठे? हवा दाबली की तापते. जास्त पेट्रोल जळतं, म्हणजे आणखी उष्णता. पिस्टनचा माथा, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग यांना ती सोसावी लागते. पिस्टनवरचा दाब वाढला, की तो कनेक्टिंग रॉडमधून थेट बेअरिंगवर उतरतो आणि तिथे धातू-धातूमध्ये फक्त तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. तेल तापून पातळ झालं की तोही जातो. व्हिलियर्सला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने क्रँकशाफ्ट जाड केला, पिस्टन मजबूत केले, तेलाची व्यवस्था सुधारली. पण मूळ आराखडा तोच राहिला. छंदात एक मात्रा जास्त झाली तर आम्ही कवी मंडळी ती गळ्याने सांभाळून नेतो. धातूला ती सोय नाही. तो मोजून ठेवतो आणि केव्हातरी हिशेब मागतो.

तो मागितला गेला २१ आणि २२ जून १९३० रोजी. ल मांला त्या वर्षी फार थोड्या गाड्या होत्या, पण समोर रुडॉल्फ काराचिओलाची सात लिटरची मर्सिडीज होती. तिलाही सुपरचार्जर होता, मात्र तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच जोडला जायचा आणि थोड्या वेळापुरताच वापरायचा असे. बर्किन तिच्यामागे असा लागला, की सरळ रस्त्यावर दोन चाकं गवतात घालून, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगात, तो तिच्या पुढे गेला. टायरचं रबर सोलून निघत होतं, तरी त्याने फेरीच्या वेळेचा विक्रम केला. मग टायर फुटला. पुढे रात्रभर मर्सिडीजचा पाठलाग केला तो स्पीड सिक्सने, आणि पहाटेच्या आत मर्सिडीज थांबली. बर्किनने आपली गाडी पणाला लावून तिला दमवलं, अशी दंतकथा आहे. थोडं खरं असेलही. पण पुढचे कितीतरी तास तिला श्वास घेऊ दिला नाही तो बार्नाटोच्या गाडीने, हे विसरलं जातं.

रविवारी शेवटचे काही तास उरले असताना दोन्ही ब्लोअर बंद पडल्या. बर्किनची १३८ फेऱ्यांनंतर, दुसरी १४४ फेऱ्यांनंतर, दोन्ही इंजिनातल्या बिघाडाने. स्पीड सिक्स पहिली आणि दुसरी आली. पहिलीने १७९ फेऱ्या, म्हणजे सुमारे २,९३० किलोमीटर पूर्ण केले. ब्लोअरला मोठी शर्यत कधीच जिंकता आली नाही. त्याच वर्षी पॉ इथल्या फ्रेंच ग्रां प्रीत बर्किन दुसरा आला, तीच तिची सर्वांत मोठी कमाई. ऑक्टोबरमध्ये पॅजेटबाईंनी हात काढून घेतला. १९२९ची मंदी होतीच. १९३१मध्ये बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉईसने ती विकत घेतली. ब्लोअरने कंपनी बुडवली, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मंदीत महागड्या गाड्या घेणारं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. पण पाच वर्षांची हमी देणाऱ्या कंपनीच्या नावाला तिने डाग लावला, एवढं डब्ल्यू. ओ. यांनी शेवटपर्यंत मनात ठेवलं.

मग भाता वाईटच, असं म्हणायचं का? तिथेच ही गोष्ट एक वळण घेते. पुढच्याच वर्षी, १९३१ला, बर्किन ल मां जिंकला. गाडी कोणती? इटलीची अल्फा रोमिओ, आणि तिला सुपरचार्जर होता. इंजिन जेमतेम सव्वादोन लिटरच्या वर, शक्ती दीडशेच्या आसपास. म्हणजे लिटरमागचा भार ब्लोअरपेक्षाही जास्त! तरी ती चोवीस तासांत तीन हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी ल मांची पहिली गाडी ठरली. आणि तीच अल्फा पुढची तीन वर्षंही तिथे जिंकत राहिली. कारण विट्टोरिओ यानो या तिच्या कर्त्याने पहिली रेघ ओढली तेव्हाच भाता तिथे धरलेला होता. आठ सिलिंडर चार-चारच्या दोन जोडांत, क्रँकशाफ्टला दहा बेअरिंग, भाता इंजिनाच्या कुशीत. तिथे जोर वरून चढवलेला नव्हता, आतच वाढवलेला होता. डब्ल्यू. ओ. यांचं म्हणणं त्यांच्या इंजिनापुरतं बरोबर ठरलं, आणि बर्किनचं म्हणणं दुसऱ्याच्या इंजिनात.

बर्किनने ब्लोअर सोडली मात्र नाही. एका आसनाची लाल ब्लोअर घेऊन १९३२मध्ये ब्रुकलँड्सच्या उतरत्या वर्तुळावर त्याने ताशी १३७.९६ मैलांचा विक्रम केला. काही मिनिटांचं काम असेल तर त्या इंजिनासारखं इंजिन नव्हतं. पुढच्या वर्षी त्रिपोलीच्या शर्यतीत तापलेल्या एक्झॉस्टला त्याचा हात भाजला आणि रक्तदोषाने तो २२ जून १९३३ रोजी गेला. वय अवघं छत्तीस. ती लाल गाडी २०१२मध्ये लिलावात पन्नास लाख पौंडांवर विकली गेली.

डब्ल्यू. ओ. १९७१मध्ये वारले. अकरा वर्षांनी, १९८२ला, मरगळलेलं बेंटली हे नाव पुन्हा बाजारात चालू लागलं, ते 'मुल्सान टर्बो' या गाडीने. ल मांच्या रस्त्यावरून नाव घेतलेली ही गाडी एक्झॉस्टच्या जोरावर हवा कोंबणारी होती. आणि २००३मध्ये, १९३०नंतर त्र्याहत्तर वर्षांनी, बेंटली ल मांला पुन्हा जिंकली, तेव्हा तिच्या इंजिनाला दोन टर्बो होते.